खुर्चीच्या हातावरचा डाग

टेमर हेगार्थ आमच्या क्वेकर पंथाच्या सभेत येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी तिची गोष्ट निघाली की लोक आधी म्हणायचे, ती बाहेरून आलेली. तिचा बाप वर डोंगरात शिशाच्या खाणीत मजूर होता, मेथडिस्ट पंथाचा होता, आणि छातीत धूळ बसून लवकर गेला. पोर आमच्या सभेतल्या डेबोरा इनमनच्या घरी लोणी काढायला आणि गुरं बघायला राहिली ती तिथेच वाढली. डेबोराबरोबर सभेला येऊ लागली, पाद्रीविना शांत बसून प्रार्थना करायला शिकली, आणि एक दिवस तिने स्वतःच विचारलं की मला तुमच्यात घ्याल का. घेतलं. पण आम्हा क्वेकरांची घरं रॉदडेलच्या खोऱ्यात दोनअडीचशे वर्षं एकमेकांत लग्नं करून बसलेली. कोण कुणाची पणती हे आम्हाला मेंढ्यांच्या कानावरच्या खुणांसारखं पाठ. टेमरच्या कानावर कुठलीच खूण नव्हती.

मी तेव्हा शेजारच्या घरात नवी सून होते. माझी सासू हेस्टर सभेतल्या वडीलधाऱ्यांपैकी होती. आमच्यात लहानथोर सगळ्यांना तूच म्हणतात, नावानेच हाक मारतात, त्यामुळे सासूलाही मी हेस्टर म्हणायचे. धाक मात्र कमी नव्हता.

डेबोराकडे ती खुर्ची होती. काळ्या ओकची, उंच पाठीची, पाठीवर द्राक्षवेल कोरलेली, वरच्या पट्टीवर दोन अक्षरं आणि साल. आमच्या साध्या, बिननक्षीच्या घरांत ती एखाद्या नटून आलेल्या पाहुणीसारखी दिसायची. ती केली तेव्हा इनमन घराणं क्वेकर झालेलंच नव्हतं. पुढे लँकेस्टरच्या तुरुंगातून सुटलेला एक उपदेशक हिवाळ्यात पायी आला, त्याला तिच्यात बसवून शेकोटीपुढे ऊब दिली, आणि तेव्हापासून ती टाकायचं कुणाच्या मनात आलं नाही. दर पिढीत कुणीतरी कडक माणूस म्हणायचा की ही वेलबुट्टी रंधून काढा, आणि दर पिढीत रंधा सापडायचा नाही. खुर्ची आईकडून मुलीकडे जायची. मुलगी नसेल तर जिच्याकडे असेल ती बाई सभेतल्या जिला म्हणेल तिच्याकडे. डेबोराला ती अशीच सासूकडून मिळाली होती.

डेबोराला मुलगी नव्हती, असं सगळे म्हणायचे. हे म्हणताना म्हाताऱ्या माणसांच्या नजरा खाली जायच्या, पण मी नवी होते, मला वाटलं ती हळहळ असेल.

डेबोराच्या शेवटच्या आजारपणात टेमरनेच सगळं केलं. दोघीच घरात. डेबोरा गेल्यावर टेमरने सांगितलं, तिने खुर्ची मला दिली. ऐकायला तिसरं कुणी नव्हतं.

डेबोराचा पुतण्या जोसाया इनमन याला हे बोचलं. जोसाया वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगते. बाजारात त्याच्या शब्दावर लोक लोकर न बघता घ्यायचे. पण त्याच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं आणि तिच्या नव्या घरात खुर्ची जाणार हे त्याने मनात धरलेलं. सभेत तो एवढंच म्हणाला, “डेबोरा बोलली असेल तर तसंच होऊ दे.” त्यातला ‘असेल’ सगळ्यांना ऐकू गेला.

घर जोसायाकडे गेलं. टेमर ओढ्याकाठच्या दोन खोल्यांच्या घरात राहायला आली, दोन गाई आणि खुर्ची घेऊन. डेबोराच्या घरात खुर्ची नेहमी आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात असायची. टेमरकडे खिडकीखेरीज जागाच नव्हती.

तिला भेटायला ॲग्नेस थ्वेट आली, खोऱ्यातली सगळ्यात म्हातारी. डोळे जवळजवळ गेलेले. टेमरने तिला मानाने खुर्चीत बसवलं, ओटची भाकरी आणि लोणी दिलं. ॲग्नेस खुर्चीच्या उजव्या हातावरून तळवा फिरवत बसली, पुढे, मागे, पुन्हा पुढे.

“डाग कुठे गेला गं?” तिने विचारलं.

“कसला डाग?”

“मेणबत्तीचा. इथे जळून खड्डा पडला होता. नवी नवरी होते मी, डेबोराच्या सासूने मला इथे बसवलं होतं. माझा अंगठा बरोबर त्यात बसायचा.”

टेमर म्हणाली, मला माहीत नाही. मी पाहिल्यापासून तर तिथे काही नाही. ॲग्नेसने भाकरी खाल्ली, आणि जाताना वाटेत आमच्या घरी थांबून हेस्टरला सगळं सांगितलं. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, पण त्या दिवसापासून खोऱ्याची झोप उडाली.

त्या काळात केंडलहून जुन्या लाकडाचे व्यापारी खोऱ्याखोऱ्यातून हिंडत. जुनी कपाटं, पेट्या, खुर्च्या गाड्यांत भरून शहरातल्या श्रीमंतांना विकत. असला एक व्यापारी मागच्या उन्हाळ्यात ओढ्याच्या पुलावर दिसला होता. आता तो टेमरच्या दारातूनच निघताना दिसला होता असं लोक म्हणू लागले. मग टेमरने नवी गाय घेतली हे कुणाला तरी आठवलं. गाय तिने स्वतःच्या लोण्यावर घेतली होती, हेही सगळ्यांना माहीत होतं, पण ते कुणी आठवलं नाही.

आमची माणसं भांडत नाहीत. ओरडत नाहीत. सभेत बायकांच्या बाजूला टेमरच्या बाकावर पूर्वी चार जणी दाटीवाटीने बसायच्या. एका रविवारी तिथे तिघी होत्या, मग दोघी, मग टेमर एकटी. कुणी उठून गेलं नाही, प्रत्येकीला दुसरीकडे बसायचं काही ना काही कारण होतं. तासभर आम्ही डोळे मिटून देवाची वाट बघत बसायचो आणि निम्म्या जणी पापण्यांतून टेमरकडे बघायच्या.

शेवटी सभेने दोघांना तिच्याकडे पाठवलं, जोसाया आणि हेस्टर. हेस्टरने घरी येऊन मला शब्द न् शब्द सांगितला. जोसायाने विचारलं, “टेमर, ही डेबोराच्या घरातली खुर्ची आहे का?”

टेमर म्हणाली, “डेबोराने मला दिली तीच ही. मी विकली नाही, बदलली नाही.”

दोघं परत आले. आमच्यात एवढं पुरतं. न्यायालयात शपथ घ्यायला आमची माणसं नकार देतात, कारण शपथेवरचं बोलणं खरं म्हटलं की बाकीचं बोलणं खोटं ठरतं. त्यापायी आमचे पूर्वज तुरुंगात कुजले. एका क्वेकराने एकदा हो म्हटलं की ते हो.

पण यावेळी पुरलं नाही. पुढल्या महिन्यात जोसाया एका व्यापाऱ्याला घेऊन टेमरच्या दारात आला. हेस्टरला त्याने विचारलंही नव्हतं, ती मागून धावत गेली आणि मला ओढून नेलं. व्यापारी जाडजूड, बोलका. त्याने टोपी काढून टेमरला वाकून नमस्कार केला, जे आमच्यात कुणी करत नाही, आणि खुर्ची उलटी केली.

“बाई, तुमची खुर्ची चांगली आहे हो,” तो म्हणाला, “पण म्हातारी नाहीये. वरून काजळी चोळलीय, खालून बघा. कडा अजून हाताला लागतात. दोनशे वर्षं लोकांनी उचलून ठेवलेल्या खुर्चीच्या कडा अशा नसतात. माझ्याहून लहानच असेल वयाने.”

त्याचं काम झालं, तो गेला. जोसायाचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटतं, आपलं खरं निघालं याचा त्यालाही आनंद झाला नसावा.

“टेमर,” तो म्हणाला, “पुन्हा विचारतो. तू ती विकलीस का?”

टेमर गाईचं दूध काढायला निघाली होती, बादली तिच्या हातात तशीच. ती म्हणाली, “मी तुला सांगितलंय.”

“पुन्हा सांग.”

“नाही.”

“खरं असेल तर सांगायला काय जातं?”

“पुन्हा सांगितलं तर मागचं कमी खरं होतं असं होईल. तुला माझं पहिलं बोलणं नको असेल तर दुसरं देऊन काय करू?” आणि ती गोठ्यात गेली.

हेस्टर त्या दिवशी घरी येऊन विणकाम घेऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत तेच उसवत, विणत राहिली. तिचाही विश्वास बसला नव्हता. समोर उलटी पडलेली खुर्ची तिनेही पाहिली होती.

आता टेमरही संशय घ्यायला शिकली. कुंपणाच्या भिंतीपलीकडून ती एकदा मला म्हणाली, डेबोराच्या मयताच्या दिवसांत घर माणसांनी भरलेलं होतं, किल्ल्या जोसायाकडे होत्या, खुर्ची माझ्या हातात यायच्या आधी कुणी हलवली नाही कशावरून? मी म्हटलं, जोसाया असं करणार नाही. ती म्हणाली, “मीही करणार नाही असं तू कुणाला म्हणालीस का?” तिचं लोणी घ्यायला लोक अजून यायचे, पण ती आता त्यांच्या हातांकडे बघायची, वजनाच्या काट्याकडे नाही. कुणी गोड बोललं की ती विचारायची, तुला कुणी पाठवलंय?

एवढं होऊनही तिला जोसायावरचा संशय धड धरता येईना. हळूहळू तो दुसरीकडे वळला, आणि तो तिला फार जड गेला. डेबोरा एवढी वर्षं त्या खुर्चीशेजारी बसली, पण ‘ही आपली जुनी खुर्ची’ असं ती टेमरसमोर एकदाही म्हणाली नव्हती. देतानाही म्हणाली ते एवढंच, की ही खुर्ची तू ठेव. पाहुणे कौतुक करत तेव्हा ती उठून चहा करायला जायची. आणि शेवटच्या तापात ती सारखी विचारायची, “रेचल बसली का खुर्चीत?” टेमरला वाटलं होतं, बायबलमधली रेचल असेल, तापात माणूस काहीही बोलतं.

तिने ॲग्नेसला जाऊन विचारलं, रेचल कोण. ॲग्नेसने आधी दार लावून घ्यायला सांगितलं. मग म्हणाली, तिचं नाव आपण घेत नाही, पण तुला सांगते.

डेबोराची मुलगी. डोंगरापलीकडच्या ऑसगिलच्या चर्चमध्ये घंटा वाजवणाऱ्या माणसाशी तिने पाद्रीपुढे लग्न लावलं. तेव्हा बाहेर लग्न केलं की सभा नाव काढून टाकायची. आता तो नियम गेला, पण काढलेलं नाव कुणी परत घातलं नाही. सभेच्या त्या बैठकीत डेबोराही बसलेली होती आणि तिने विरोध केला नव्हता. त्यानंतर तिला मुलगी नव्हती.

टेमर माझ्याकडे आली. म्हणाली, “उद्या माझ्याबरोबर डोंगरापलीकडे चल. साक्षीला नको, पण आणखी दोन डोळे असू देत. मी एकटी गेले तर म्हणतील, जाऊन काहीतरी रचून आली.”

ऑसगिलला पोचेपर्यंत आमचे झगे गुडघ्यापर्यंत चिखलाने भरले होते. घर चर्चच्या मागेच. दार उघडलं ती साठीची बाई, अंगावर निळा फुलाफुलांचा झगा, आणि चेहरा हुबेहूब डेबोराचा. तिने आमच्या करड्या टोप्या पाहिल्या आणि दारातच उभी राहिली.

“आलात तर,” ती म्हणाली. “इतकी वर्षं मी वाट बघत होते की कोण येईल न्यायला. बायका पाठवल्या होय?”

टेमर म्हणाली, आम्ही न्यायला आलेलो नाही. रेचलला ते खरं वाटलं नाही, पण थंडी होती, तिने आत घेतलं. स्वयंपाकघरात चुलीजवळ ती खुर्ची होती. तिच्या पाठीवर पुरुषाचा ओला कोट वाळत टाकलेला, खाली मांजर. टेमर पुढे झाली आणि खुर्चीच्या उजव्या हातावर तळवा ठेवला. तिचा अंगठा खड्ड्यात गेला तो मी पाहिला. ती तशीच उभी राहिली.

रेचल लगेच खुर्ची आणि तिच्यामध्ये येऊन उभी राहिली.

“हे माझं आहे. मला आईने दिलंय.”

“हो,” टेमर म्हणाली. “मला दिली ती दुसरी.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. रेचलचं पहिलं मूल झालं त्या वर्षी डेबोरा एकटी गाडी हाकत आली होती, गवताखाली खुर्ची लपवून. घरात आली नाही. अंगणात खुर्ची उतरवली, बाळाच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाली, ही मुलीची असते, आणि गेली. पुन्हा कधी आली नाही. तशीच दिसणारी दुसरी कुणी केली हे रेचलला ठाऊक नव्हतं. पण मला वाटतं, खोऱ्यात असं काम करणारा एकच सुतार होता, मेथडिस्ट, आणि तो कधीच वारला होता.

टेमरने आपल्यावर काय आलंय ते सांगितलं. रेचल ऐकून घेत होती, पण तिचा हात खुर्चीच्या पाठीवरून सुटला नाही.

“मग आता सांगा तुम्ही जाऊन,” ती म्हणाली. “माझं काय, माझं नाव त्यांनी केव्हाच पुसलंय. जोसाया येईल गाडी घेऊन. त्याला लहानपणापासून हिच्यात बसायचं होतं.”

टेमरने तिच्याकडे पाहिलं. “रेचल कुठे आहे असं मला कुणी विचारलेलं नाही. विचारलं तर खोटं बोलणार नाही. न विचारता बोलायची मला गरज नाही.”

“का पण? तुला काय मिळणार त्यातून?”

ती आमच्यासारखं ‘तू’ म्हणाली. मघापासून ‘तुम्ही’ चाललं होतं. तिच्या स्वतःच्याही ते लक्षात आलं, आणि तिने तोंड फिरवून किटली चुलीवर ठेवली.

परतताना मी टेमरशी भांडले. म्हटलं, डेबोराने तुला एवढ्या संकटात टाकलं, आणि तू तिचीच अब्रू राखतेस? ती झगा वर खोचून चढ चढत राहिली. मग म्हणाली, तिने मला फसवलं की नाही ते मी रोज ठरवते आणि रोज मोडते. पण लपून मुलीकडे गेली, तिची ती एक गोष्ट तरी मी चव्हाट्यावर आणणार नाही. “तूही कुणी विचारल्याशिवाय सभेत बोलू नकोस,” तिने मला बजावलं.

मी बोलले नाही. पण वर्ष उलटलं, आणि जोसायाने सभेपुढे मांडलं की टेमर हेगार्थ उत्तर द्यायला नाकारते, तर तिचं नाव ठेवायचं की काढायचं हे ठरवावं. शरद संपताना आमच्याकडे मेंढपाळांचा मेळावा भरतो, डोंगरावर चुकलेल्या मेंढ्या ज्याच्या त्याला परत करायला. रेचलचा नवरा किट रेन तिथे येतो हे मला माहीत होतं. मी माझ्या नवऱ्याला, जोनासला, सांगितलं की किटच्या कानावर एवढंच घाल, टेमरचं नाव काढायला निघालेत, आणि कुठल्या दिवशी. रेचलला सांगू नको असं टेमर मला म्हणाली नव्हती.

त्या दिवशी सभा भरली. बाहेर थंड धुकं, आत शेगडी, आणि ती आमची शांतता, जिच्यात शिंकही आरोपासारखी वाटते. दार उघडलं. निळ्या रिबिनीची टोपी घातलेली बाई आत आली, इकडेतिकडे पाहिलं, आणि टेमरच्या मोकळ्या बाकावर जाऊन बसली. जोसायाने तिला पाहिलं आणि त्याचे ओठ हलले. चुलत बहीण होती ती त्याची.

ती बराच वेळ बसली. मग आमच्या रीतीप्रमाणे उभी राहिली. ती रीत ती विसरली नव्हती.

“मी रेचल. डेबोराची मुलगी. जुनी खुर्ची माझ्या घरी आहे, आईने आणून दिली. टेमरला जे मिळालं तेच तिच्याकडे आहे. खुर्ची परत करायला मी आलेली नाही. तेवढंच सांगायचं होतं.”

ती खाली बसली. त्या दिवशी टेमरचं नाव काढायचा विषय निघालाच नाही.

जोसायाचा संशय मात्र अजून जिवंत होता. दुसऱ्या दिवशी तो पायी ऑसगिलला गेला, आणि रेचलने त्याला आत घेऊन खुर्चीवर हात ठेवू दिला. त्याला वाटत होतं, टेमरने तिथे जाऊन हिला पढवलं असेल. त्याने तसं विचारलंही. रेचल म्हणाली म्हणे, “बस जोसाया, लहानपणापासून बसायचं होतं ना.” तो बसला नाही.

पुढच्या रविवारी तो सभेत उठला. चांगला बोलणारा माणूस, पण त्या दिवशी शब्द त्याच्या हाती लागत नव्हते. म्हणाला, “मी सभेतल्या एका मैत्रिणीला एकच प्रश्न दोनदा विचारला. ते शपथ मागण्यासारखंच झालं. आपली माणसं ती घेण्यापेक्षा तुरुंगात गेली. मी ती मागितली.” आणि बसला.

आमच्या बायका पुढच्या आठवड्यात टेमरच्या बाकावर परतल्या, जशा कधी उठल्याच नव्हत्या. हेस्टरने तिला आल्याचा केक नेऊन दिला. टेमरने तो घेतला, उंबऱ्यातच, आणि विचारलं, “कुणी पाठवलं?” हेस्टर रडत घरी आली. मी टेमरला बोलले, तर ती म्हणाली, मला माहीत आहे, पण तोंडात तेच येतं, मी काय करू.

ती सवय तिची कधी गेली नाही. लोणी देताना काट्याकडे बघायला ती पुन्हा शिकली, पण कौतुक केलं की भुवया वर जायच्या. जोसायाशी ती बोलायची, त्याच्या मुलीच्या बाळंतपणाला जाऊन राहिलीही, पण त्याच्या घरी जेवली नाही. तो तिला दरवर्षी जेवायला बोलवायचा. ती दरवर्षी म्हणायची, बघते.

रेचल मात्र पुढे वर्षातून दोनदा डोंगर उतरून यायची. तिचं नाव सभेत परत घालूया असं जोसायानेच सुचवलं, तेव्हा ती म्हणाली, आता माझा नवरा घंटा वाजवतो त्या चर्चचीच मला सवय झाली आहे, राहू द्या. दोघी टेमरच्या खिडकीत बसायच्या, एकमेकींचं चीज चाखायच्या आणि दोघींनाही वाटायचं की दुसरीने मीठ जास्त घातलंय. मी कधी गेले तर डेबोराचा विषय चाललेला असायचा. एक म्हणायची, तिला लाज वाटत होती. दुसरी म्हणायची, लाज नव्हे, भीती. पुढच्या वेळी बाजू बदललेल्या असायच्या.